गारठ्यात कंबर चालती ठेवताना

पाण्याची बादली उचलताना, स्कूटर स्टँडला लावताना, किंवा नुसतं खाली पडलेलं पेन घ्यायला वाकताना कमरेत उसण भरते. पहिले चार-पाच दिवस वाईट जातात. मग हळूहळू उतार पडतो. रात्री जेवून अंथरुणाला पाठ टेकताना तर दुखणं जवळजवळ नसतंच. पण सकाळी डोळे उघडून कूस बदलायला जावं, तर कंबर पुन्हा धरलेली. रात्रभर पाठीवर कसला भार नव्हता, कुठे वाकणं नव्हतं. मग एवढ्या विश्रांतीनंतर दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं कसं? त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. धीर करून वीस मिनिटं चालून आलं की तीच कंबर मोकळी होते.

हे दिवस डिसेंबर-जानेवारीचे असतील तर दोष थंडीच्या माथी जातो. "गारठ्यात बाहेर पडू नकोस, कंबर आणखी धरेल," असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. डॉक्टर मात्र म्हणतात, "चाला." ऐकायचं कुणाचं, या घोळात बरेच जण महिनाभर घरात बसून काढतात आणि संक्रांतीपर्यंत कंबर होती तिथेच राहते. मला वाटतं डॉक्टरांचं ऐकावं, थंडीतही ऐकावं. फक्त केव्हा चालायचं आणि कसं चालायचं, हे ते घाईत सांगायचे राहतात. त्यासाठी आधी कमरेच्या आत डोकवायला हवं.

रात्रीत वाढणारी उंची

आपण सकाळी जास्त उंच असतो. ही म्हणण्यापुरती गोष्ट नाही, मोजलेली आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिवसभरातला हा फरक सरासरी १९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर भरला. त्यातली निम्म्याहून जास्त घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते.

हा फरक पडतो तो मणक्यांमधल्या गाद्यांमुळे. पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या मधोमध एक मऊ, चिकट गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची अनेक पदरी कडी. गरातले मोठाले रेणू पाण्यासाठी हपापलेले असतात. तरुणपणी या गराचा चार पंचमांश भाग पाणीच असतो. दिवसा आपण उभे असतो, बसतो, वजन उचलतो, तेव्हा वरच्या दाबाने थोडं थोडं पाणी गादीतून बाहेर जातं. रात्री आडवे झालो की दाब उतरतो आणि गर ते पाणी परत ओढून घेतो.

उसळीसाठी रात्री भिजत घातलेले हरभरे आठवा. संध्याकाळी सुरकुतलेला दाणा सकाळी टपोरा होतो, त्याची साल ताणून बसते. सुरकुतलेली साल थोडीफार चेपली, वाकवली तरी सैलपणामुळे निभावून जाते. टम्म फुगलेल्या दाण्याला नखाने बाजूने दाबलं की ती पटकन उलते. गादी हरभऱ्याइतकी अर्थातच फुगत नाही, पण तिच्या कडीची सकाळची स्थिती त्या सालीसारखीच असते. आधीच ताणलेली. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारी सूक्ष्म नळी बसवून हे थेट टिपलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार झोपताना ०.१ मेगापास्कल असलेला दाब रात्रभर नुसतं पडून राहिल्याने ०.२४ वर गेला. काहीही न करता दुपटीहून जास्त.

आता अशा कमरेला पुढे वाकवलं तर? मायकेल अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याचं गणित मांडलं. पुढे वाकताना गादीवर येणारा ताण दिवसातल्या नंतरच्या वेळेपेक्षा सकाळी सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असतो. पुढे १९९८ मध्ये स्टोव्हर स्नूक यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना एवढंच सांगून पाहिलं, की उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकू नका. ना औषध, ना यंत्र. तेवढ्याने त्यांचं दुखणं लक्षणीय कमी झालं. इतका स्वस्त उपाय आपल्याकडे अजून घरोघरी का पोचला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण आपली सकाळ म्हणजे वाकण्याचा सोहळाच असतो. अंथरूण गोळा करणं, गॅलरी झाडणं, बादली भरून उचलणं, देवापुढे बसून फुलं वाहणं. आणि फिरायला निघायचं तर मोजे. पलंगाच्या कडेला बसायचं, एक पाय वर ओढायचा, हनुवटी गुडघ्याकडे न्यायची आणि मोजा टाचेवरून खेचायचा. त्या क्षणी कमरेचा खालचा भाग जितका वाकू शकतो तितका वाकलेला असतो आणि वरून हिसकाही बसतो. चालायला जाऊन कंबर पुन्हा धरली असं सांगणाऱ्या माणसाने कधी आठवून पाहावं. पुष्कळदा ती चालताना धरलेली नसते, चालायला निघताना धरलेली असते.

नेमाने सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. दुखापतीनंतरचे काही आठवडे उठल्या उठल्या हस्तपादासनात ओणवं होऊ नये. नमस्कार संध्याकाळी घालावेत, किंवा आधी तास-दीड तास घरात वावरून मग.

अंथरुणाचा जमाना

विश्रांतीवर आपला इतका विश्वास कुठून आला? १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी फुटलेली गादी नसेवर दाबून पाय दुखवते हे दाखवून दिलं. त्यानंतरच्या पिढ्यांना कंबरदुखी म्हणजे काहीतरी फुटलेलं, सरकलेलं असंच वाटू लागलं. सरकलेली वस्तू हलवू नये, हे ओघानेच आलं. फळीवर झोपा, पायाला वजनं बांधा, तीन आठवडे उठू नका, अशा सल्ल्यांत आपल्या आई-वडिलांची पिढी गेली.

या सल्ल्याची खरी परीक्षा बऱ्याच उशिरा झाली. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो यांनी अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात. सात दिवसवाल्यांना जास्तीचा गुण काही आला नाही, उलट त्यांचे कामाचे खाडे जास्त झाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना कमरेचे व्यायाम आणि काहींना फक्त एवढंच सांगितलं, की सोसेल तितकं रोजचं जगणं चालू ठेवा. सगळ्यांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. सगळ्यांत सावकाश, पडून राहिलेले.

एमआरआयने एक नवी भीती मात्र आणली. अहवालात 'डिस्क बल्ज', 'डिजनरेशन' असे शब्द दिसले की माणूस पाऊल उचलायला घाबरतो. २०१५ मध्ये, कंबर कधीही न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि दुखत कुणाचंच नव्हतं. गादीचा तुकडा खरोखर बाहेर आला तरी बहुतेक वेळा शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो काही महिन्यांत खाऊन लहान करतात. अहवाल जपून ठेवावा. पण पायात जोर आहे की नाही आणि रोज थोडं जास्त चालवतंय की नाही, हे त्या कागदापेक्षा महत्त्वाचं.

चालताना कमरेत घडतं काय

गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिच्या आतल्या पेशींना प्राणवायू आणि साखर वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत मिळते. शरीरात इतका मोठा आणि इतका रक्ताविना राहणारा अवयव दुसरा नाही. म्हणून गादी सावकाश बरी होते. म्हणूनच तिला दाब पूर्ण टाळण्यापेक्षा हलका, येता-जाता दाब मानवतो. चालणं नेमकं तेच देतं. विल्केंच्या त्याच मोजणीत नुसतं उभं राहताना गादीत ०.५ मेगापास्कल दाब होता आणि चालताना ०.५३ ते ०.६५. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ वर गेला. म्हणजे चालण्याने गादीवर पडणारा भार उभं राहण्यापेक्षा जेमतेम जास्त, फक्त तो प्रत्येक पावलागणिक चढतो-उतरतो. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात नियमित धावणाऱ्यांच्या गाद्या बैठ्या लोकांपेक्षा जास्त पाणीदार आढळल्या, आणि गाद्यांना सर्वांत मानवणाऱ्या हालचाली भरभर चालणं ते हळू धावणं या टप्प्यातल्या निघाल्या.

दुसरी गोष्ट स्नायूंची. मणक्यांना लगटून एक बारीक, खोलवरचा स्नायू असतो, मल्टिफिडस. एकेका मणक्याला आवरून धरणं हे त्याचं काम. दुखापत झाली की दुखऱ्या बाजूचा हा स्नायू काही दिवसांतच रोडावतो. ज्युली हाइड्स यांनी १९९०च्या दशकात सोनोग्राफीने हे दाखवलं. त्यातला महत्त्वाचा भाग असा, की दुखणं थांबल्यावरही तो आपसूक भरून येत नाही. त्याच वेळी पाठीचे वरचे मोठे स्नायू आखडून बसतात. मार लागलेल्या जागेला हालचाल होऊ नये म्हणून शरीराने घातलेला तो पहारा असतो. पहिल्या दोन दिवसांत तो उपयोगी असतो, पंधराव्या दिवशी तोच दुखू लागतो. चालताना मोठे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सुटतात, त्यांत रक्त खेळतं, आणि आपण पडत नाही आहोत, काही मोडत नाही आहे, ही खात्री मेंदूला हळूहळू पटते. वीस मिनिटांनी कंबर मोकळी होते त्याची ही कारणं आहेत. शिवाय तोवर गादीतलं रात्रीचं जादा पाणीही उतरायला लागलेलं असतं.

आता एक बारकावा, जो थंडीत फार कामाचा आहे. १९९९ मध्ये कॅनडात स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेत चालताना कमरेवर येणारे भार मोजले. रेंगाळत चाललं की पाठीचे स्नायू एकाच ताणात अडकून राहतात, ढांगा टाकत चाललं की भार लाटांनी येतो-जातो. आणि हात मोकळे झुलू दिले की कमरेवरचा भार कमी होतो. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो. खांदे आणि कमरेचा घेर एकमेकांविरुद्ध फिरतात आणि धडाला बसणारा पीळ बराचसा आपोआप फिटतो.

आता जानेवारीतल्या सकाळी तळजाईच्या किंवा शिवाजी पार्कच्या कडेने चालणाऱ्यांकडे पाहा. कानटोपी, खांदे कानांपाशी चढलेले, हात स्वेटरच्या खिशात किंवा शालीच्या आत छातीशी घट्ट, पावलं आखूड, नजर जमिनीवर. हे सगळं कमरेला नको असलेलं चालणं आहे. यात थंडीचा थेट काही दोष नाही, थंडीने आपल्याला आवळून घेतलं एवढंच. उपाय हातमोज्यांचा. साधे लोकरीचे हातमोजे घातले की हात खिशातून बाहेर येतात आणि झुलतात. कंबरदुखीवरच्या खरेदीत मी कमरेच्या पट्ट्याआधी हातमोजे लिहीन.

गारठ्याचा दोष किती?

गार हवेत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू आणि त्यांची वेष्टणं थोडी ताठर होतात, हुडहुडी भरली तर स्नायू नुसते थरथरतच राहतात. आधीच आखडलेल्या पाठीला हे जाणवणारच. पण थंड हवा गादीपर्यंत पोचत नाही. गादी पाठीच्या स्नायूंच्या आत, शरीराच्या ऊबेत असते.

हवामानाने कंबर धरते का, हे सिडनीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासलं. अचानक कंबर दुखू लागलेल्या ९९३ रुग्णांचा तो दिवस आणि त्याआधीचे आठवडे-महिने यांच्या हवामान नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. तापमान, दमटपणा, पाऊस, कशाचाही संबंध लागला नाही. सोसाट्याच्या वाऱ्याचा किंचित लागला, तोही नगण्य. सिडनीचा हिवाळा बर्फाचा नाही. तिथल्या जुलैच्या पहाटा आपल्या पुण्या-नाशिकच्या जानेवारीच्या पहाटांसारख्याच असतात, म्हणून हा निष्कर्ष आपल्याला जवळचा आहे. थंडीत दुखणं जास्त जाणवतं हे खरं. थंडीने इजा होते, असं मात्र दिसत नाही.

जाणवण्यावर उपाय आहे, ऊब. ताज्या कंबरदुखीवर शेक घेण्याची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांच्या आधी केली. आपल्या घरांतली गरम पाण्याची पिशवी यात अगदी चपखल बसते. निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं शेक घ्यावा, पिशवी टॉवेलात गुंडाळून, कारण चटका बसून फोड आलेल्या पाठी काही कमी नसतात. मधुमेहाने ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांनी विशेष जपावं. मग कमरेवर सरकणार नाही असा लांब बनियन, त्यावर स्वेटर. चालून घाम आला की स्वेटर काढावा, पण घामेजल्या अंगाने बाकावर गप्पा मारत बसू नये. ओलं बनियन वाऱ्यात गार पडतं आणि सुटलेली पाठ पुन्हा आवळते.

पहाट की सकाळ?

आपल्याकडे पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्याला एक मान आहे. तो मान दुखऱ्या कमरेने काही महिने बाजूला ठेवावा. एकतर गादी तेव्हा सर्वांत फुगलेली असते. दुसरं म्हणजे दिवसाचं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्योदयाच्या सुमारास असतं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला निघालेला माणूस गारठ्याच्या ऐन टोकाकडे चालत जात असतो. त्याच दिवशी दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, एवढी तफावत आपल्या पठारावरच्या हिवाळ्यात असते.

तिसरं कारण हवेचं. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होऊन तळाशी बसते, आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली साचतो. ऊन तापून हवा हलू लागली की तो पांगतो. दुखऱ्या कमरेला या धुराचं काय, असं वाटेल. पण एक जोराची खोक किंवा शिंक पोटातला दाब एकदम वाढवते आणि तो गादीपर्यंत जातो. शिंक येतेय असं वाटलं तर भिंतीला किंवा झाडाला हात टेकावा, छाती वर ठेवावी, गुडघे किंचित सैल सोडावेत. वाकून शिंकू नये.

सात वाजता उठा, घरात उभ्याने वावरा, चहा घ्या, शेक घ्या आणि साडेआठला कोवळ्या उन्हात निघा. नोकरीमुळे हे जमत नसेल तर संध्याकाळी पाच-सहाची वेळ कमरेला सकाळपेक्षाही बरी.

चौकट : आधी डॉक्टर, मग चालणं

जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असतात आणि तिथे तास मोजावे लागतात.

पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, पायाचा जोर दिवसेंदिवस घटतो आहे : वाट पाहू नये.

रात्री झोपेतून उठवणारी, कुठल्याच स्थितीत न थांबणारी पाठदुखी, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं. आपल्या देशात अशा वेळी मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेतलीच पाहिजे. पूर्वी कर्करोग झालेल्यांनीही थांबू नये.

साठी ओलांडलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, लहानशा धक्क्याने किंवा पडल्यावर एकाएकी पाठीत कळ आली तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो.

चालताना दोन्ही पाय भरून येतात, जड होतात आणि वाकून बसलं की बरं वाटतं, अशांचा मणक्यातला मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्यांना 'चाला, अजून चाला' हा सल्ला पुरेसा नाही.

पहिले दिवस, मग महिने

सुरुवात पलंगापासून. उताणं असताना सरळ उठून बसू नये. गुडघे वाकवून आधी पूर्ण कुशीवर व्हावं, खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून. मग पाय कडेवरून खाली सोडत हाताने पलंग रेटून वर यावं. मोजे घालायचे तर उभ्याने पाऊल मागे खुर्चीवर टेकवून, किंवा घरातल्या कुणाकडून घालून घ्यावेत. त्यात लाज कसली? बुटांच्या नाड्या रात्रीच सैल करून ठेवाव्यात आणि लांब दांड्याचा शूहॉर्न घ्यावा.

पहिल्या आठवड्यात अंतराचा विचारच नको. सोसायटीच्या आवारात पाच-दहा मिनिटं, सपाटीवर, दिवसातून तीन-चार वेळा. एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा हे बरं. दुखलं की थांबायचं, असा नियम करू नये, कारण थोडं दुखणारच. चालताना दुखणं जरा वाढलं आणि तासाभरात पूर्वीच्या पातळीवर आलं तर चाल योग्य होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलंच राहिलं तर उद्याची फेरी निम्मी करावी, रद्द करू नये. पायात कळ जाणाऱ्यांनी कळीची जागा पाहावी. पोटरीपर्यंत जाणारी कळ चालता चालता मांडीत, मग कुल्ल्यात सरकली, तर कमरेत जास्त दुखत असलं तरी ते शुभचिन्ह. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने ही खूण जगाला ओळखायला शिकवली. उलट कळ खाली खाली उतरत चालली तर अंतर कमी करावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

टेकडीची घाई करू नये. चढावर अंग पुढे झुकतं ते एक वेळ चालतं, पण उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक लावत टाकावं लागतं आणि धक्का थेट कमरेत येतो. हिवाळ्यात वेताळ टेकडीसारख्या जागी वाळलेलं गवत आणि सुटा मुरूम असतो, वर दव. पाय सटकतो, आणि पडलो नाही तरी सावरताना बसलेली चमक पडण्याइतकीच महाग जाते. सपाटीवर अर्धा तास विनासायास जमू लागला की मग टेकडी, तीही दव सुकल्यावर, ट्रेकिंगच्या काठीसह.

पट्टा पहिल्या काही दिवसांत धीर देत असेल तर बांधावा, महिनोन्‌महिने नको. आणि पाणी जास्त प्यायल्याने गाद्या फुगतात, अशा सांगीवर विसंबू नये. गादी किती पाणी धरणार हे तिच्यातले रेणू आणि तिच्यावरचा भार ठरवतात.

मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टोरांटोला हिवाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांसाठी हिशेब थोडा वेगळा. तिथे शत्रू थंडी नसून पदपथावरचा न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो. बुटांच्या तळाला बसवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घ्यावेत. पाऊल आखूड, पूर्ण तळवा टेकवून टाकावं, हात बाहेर. फारच निसरडं असेल त्या दिवशी मॉलमध्ये चालावं. आणि मुलाला मदत म्हणून अंगणातला बर्फ फावड्याने उपसायला जाऊ नये. ओला बर्फ जड असतो आणि तो वाकून, पीळ देऊन फेकावा लागतो. दुखऱ्या गादीला याहून वाईट काम शोधून सापडणार नाही.

दुखणं थांबल्यावर काय, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. कंबरदुखीतून उठलेल्या दहांपैकी सुमारे सात जणांना वर्षाच्या आत ती पुन्हा गाठते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचा एक अभ्यास आला. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेणारा चालण्याचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, इथवर पोचायचं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. कार्यक्रम न दिलेल्या गटात निम्म्या लोकांची कंबर ११२ दिवसांच्या आत पुन्हा अडली, चालणाऱ्यांत तेवढीच वेळ यायला २०८ दिवस लागले. चालण्याला पैसे पडत नाहीत हे लक्षात घेतलं तर ९६ दिवसांचा हा फरक मला फार मोठा वाटतो.

सहा महिने म्हणजे डिसेंबरात सुरू केलेलं चालणं मेपर्यंत न्यायचं आहे. मार्च सरता सरता साडेआठचं ऊन सोसवेनासं होईल आणि वेळ अलीकडे ओढावी लागेल. तेव्हा स्वेटर, शेक, हातमोजे कपाटात जातील, पण गादी उन्हाळ्यातही रात्री तशीच फुगते. सहाला निघायचं तर पाचला उठावं, आणि मोजे उभ्यानेच घालावेत.